नाक चोंदले असता काय करावे? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

पावसाळा सरून थंडी सुरू होण्याच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नाकाच्या तक्रारी नेहमीच अधिक असतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: औषधाच्या दुकानात न जाता, घरच्या घरी आणि नैसर्गिक उपायांनी नाक मोकळे कसे करावे. त्यांपैकी निवडक पत्रांचा सारांश आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे. काही उत्तरे वाचकांना अपेक्षित असतील त्याहून लांब झाली आहेत, कारण उपाय घरगुती आहे म्हणून तो निरुपद्रवीच असेल हा समज अनेक पत्रांत दिसला आणि त्याची नीट दखल घेणे मला आवश्यक वाटले.

प्रश्न: सर्दी झाली की माझे नाक गच्च होते. कितीही शिंकरले तरी हाती काही लागत नाही आणि तरीही श्वास आत जात नाही. रात्री तर कधी डावी, कधी उजवी अशी आळीपाळीने नाकपुडी बंद होते आणि ज्या कुशीवर झोपावे तीच बाजू चोंदते. माझ्या नाकाचे हाड वाढले असेल का? त्यावर घरी काही करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: शिंकरूनही काही बाहेर येत नाही, कारण वाट अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा शेंबूड नसतेच. प्रत्येक नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीवर, आतल्या बाजूने, एकाखाली एक अशा तीन वळणदार हाडांच्या पट्ट्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यावरच्या अस्तरात, विशेषतः सर्वांत खालच्या पट्टीच्या अस्तरात, रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि ते रक्ताने भरते किंवा रिकामे होते त्याप्रमाणे अस्तर पाण्यात टाकलेल्या स्पंजासारखे फुगते किंवा आक्रसते. सर्दीच्या विषाणूंशी शरीर झगडू लागले की या रक्तवाहिन्या विस्फारतात, त्यांतून द्रव अस्तरात झिरपतो आणि अस्तर इतके सुजते की हवेला वाट उरत नाही. ही सूज शिंकरून जाणारी नाही. उलट दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोराने शिंकरल्यास आतला दाब वाढतो, स्राव सायनसच्या पोकळ्यांत आणि कानाकडे जाणाऱ्या नळीत ढकलला जातो आणि कान दडे बसल्यासारखे होतात. म्हणून एका वेळी एकच नाकपुडी, तीही हलक्या हाताने शिंकरावी.

नाकपुड्या आळीपाळीने बंद होणे हा आजार नाही. निरोगी माणसाच्या नाकातही काही तास एका बाजूचे अस्तर फुगलेले आणि दुसऱ्या बाजूचे आक्रसलेले असते व नंतर बाजू बदलतात. रिचर्ड कायसर या जर्मन वैद्याने या चक्राचे वर्णन १८९५ मध्ये केले होते. एरवी एकूण हवा तितकीच आत जात असल्याने आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, परंतु सर्दीत दोन्ही बाजू आधीच सुजलेल्या असतात, त्यामुळे जिची फुगण्याची पाळी असते ती पूर्ण बंद होते. आडवे झाल्यावर डोक्यातून हृदयाकडे परतणारे रक्त काहीसे तुंबते आणि सूज आणखी वाढते. कुशीवर झोपल्यास खालची बाजू चोंदण्यामागे मात्र आणखी एक गमतीचे कारण आहे. काखेवर आणि छातीच्या कडेवर दाब आला की त्याच बाजूची नाकपुडी चोंदते व विरुद्ध बाजूची मोकळी होते, अशी प्रतिक्षिप्त क्रिया शरीरात असते. साधूंच्या चित्रांत दिसणारा, काखेखाली टेकवायचा योगदंड केवळ हात टेकण्यासाठी नसून हव्या त्या नाकपुडीतून श्वास सुरू करण्यासाठीही वापरला जात असे. आधुनिक प्रयोगांतही काखेखाली कुबडीचा दाब देऊन हा परिणाम पाहण्यात आला आहे.

यावरून घरी करण्याजोगे उपाय सहज सुचतात. जी नाकपुडी बंद आहे ती वर राहील अशा कुशीवर वळावे आणि थोडा वेळ थांबावे. डोके उंच ठेवावे, परंतु केवळ मानेखाली दोन-तीन उशा रचू नयेत, कारण त्याने मान वाकते आणि सकाळी नाकाऐवजी मान दुखू लागते. खांद्यांपासून उतार होईल अशी उशांची मांडणी करावी किंवा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवावेत. झोपण्यापूर्वी घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटे भरभर चालल्यास किंवा जिने चढल्यास रक्तवाहिन्या आक्रसतात आणि नाक काही काळ मोकळे होते. सर्दी झालेल्यांना हा उपाय पटत नाही, कारण तेव्हा पांघरुणात गुरफटून पडून राहावेसे वाटते, पण ताप नसेल तर तो अवश्य करून पाहावा. त्याला पैसे लागत नाहीत आणि त्याचा परिणाम खऱ्या सुजेवर होतो.

हाड वाढल्याची शंका मात्र आपल्या वर्णनाशी जुळत नाही. नाकाचा मधला पडदा वाकडा असल्यास साधारणपणे एकच बाजू, कोणत्याही कुशीवर झोपले तरी, महिनोन्महिने बंद राहते. तसे असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आत पाहून घ्यावे.

प्रश्न: वाफारा दिवसातून किती वेळा घ्यावा? पाण्यात कापूर, निलगिरीचे तेल की बाम घालावा? सहा वर्षांच्या नातवालाही माझ्यासोबत चादरीखाली बसवते, पण तो फार रडतो. (एक वाचिका, सातारा)

उत्तर: प्रथम नातवाबद्दल. त्याला चादरीखाली बसवू नये. लहान मुले अचानक हालतात, पातेले कलंडते आणि उकळते पाणी मांडीवर, पोटावर सांडते. वाफाऱ्याच्या पाण्याने भाजलेली मुले रुग्णालयात येत असतात आणि त्यांच्या जखमा सर्दीपेक्षा कितीतरी पटींनी गंभीर असतात. त्याच्यासाठी न्हाणीघराचे दार लावून गरम पाणी सोडावे आणि आपण त्याला घेऊन त्या दमट हवेत दहा मिनिटे, गरम पाण्यापासून दूर, बसावे, एवढे पुरे आहे.

मोठ्यांसाठी वाफाऱ्याचे मोल किती? गरम, ओलसर हवेमुळे वाळून चिकटलेला स्राव सैल होतो आणि नाकाला बरे वाटते. परंतु गरम दमट हवेवर झालेल्या निरनिराळ्या चाचण्या एकत्र तपासल्या असता सर्दी लवकर बरी होते असे ठामपणे दिसलेले नाही. २०२१ च्या करोना लाटेत आपल्याकडे पुष्कळ घरांत दिवसातून अनेकदा वाफ घेण्याची सवय लागली होती आणि वाफेने विषाणू मरतो असे सांगितले जात होते. विषाणू मारण्याइतकी उष्णता नाकाच्या अस्तराला सहन होणार नाही, आधी अस्तर भाजेल. म्हणून बरे वाटावे यासाठी दिवसातून दोनदा, पाच ते दहा मिनिटे, इतके धोरण ठेवावे. पातेले गॅसवरून उतरवून स्थिर जागी, शक्यतो जमिनीवर ठेवावे, वाफेचा पहिला जोर ओसरू द्यावा आणि तोंड पाण्यापासून हातभर दूर ठेवावे. पातेले मांडीवर किंवा गादीवर ठेवून वाफ घेण्याचा प्रकार कोणीही करू नये.

बाम किंवा पुदिन्याचे फूल (मेंथॉल) घातले की क्षणात नाक उघडल्यासारखे वाटते, हा अनुभव सर्वांचा आहे. मोजमाप केले असता मात्र मेंथॉलमुळे नाकातून जाणाऱ्या हवेचा अडथळा कमी झालेला आढळत नाही. नाकाच्या अस्तरातील मज्जातंतूंवर थंडावा ओळखणारी संवेदके असतात. आत येणारी हवा थंड लागली की मेंदूला वाट मोकळी असल्याचे कळते आणि मेंथॉल हीच संवेदके उद्दीपित करते. तापमान ओळखणाऱ्या अशा संवेदकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पर्शाच्या संवेदकांच्या शोधाबद्दल आर्डेम पॅटापूटियन त्याचे सहमानकरी होते. बामाचा परिणाम केवळ जाणिवेचा असला, तरी रात्री झोप लागणे हेच उद्दिष्ट असेल तर ती जाणीवही उपयोगाचीच आहे, असे माझे मत आहे. मोठ्या माणसांनी छातीवर बाम चोळावा किंवा बोटाच्या टोकावर मावेल एवढाच वाफेच्या पाण्यात घालावा. तो नाकपुडीच्या आत लावू नये.

कापूर आणि निलगिरीचे तेल यांच्याबाबत मात्र सावध राहावे. दोन्ही पोटात गेल्यास विषारी आहेत, आणि लहान मुलाने थोडा कापूर गिळला तरी त्याला झटके येऊ शकतात. देवघरातला कापूर आणि निलगिरीची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. मुलांच्या वाफेच्या पाण्यात यांपैकी काहीही घालू नये.

प्रश्न: निवृत्तीनंतर योगवर्गात जलनेती शिकलो. सर्दीत तिचा फार उपयोग होतो असा माझा अनुभव आहे. मात्र नळाच्या पाण्याने नेती केल्यास मेंदूचा आजार होतो असे कोणीतरी सांगितल्यापासून घरच्यांनी ती बंद करायला लावली आहे. यात तथ्य किती? मिठाचे प्रमाण काय असावे? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: आपला अनुभव आणि घरच्यांची भीती, दोन्हींत तथ्य आहे. नाक चोंदण्यावरच्या सर्व घरगुती उपायांत मला सर्वाधिक भरवशाचा वाटणारा उपाय मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाच, म्हणजे जलनेतीचाच, आहे. तो चिकट स्राव, धूळ आणि परागकण वाहून नेतो, अस्तरावरील सूक्ष्म केसांना स्राव पुढे ढकलण्यास मदत करतो आणि सायनसच्या जुनाट त्रासात तर कान-नाक-घसा तज्ज्ञही तो आवर्जून सुचवतात. हठयोग प्रदीपिकेत सांगितलेल्या धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा क्रियांत नेती आहे खरी, पण तिथे वर्णन आहे ते नाकातून सूत घालून तोंडावाटे काढण्याच्या सूत्रनेतीचे. ती घरी स्वतःच्या मनाने करू नये. जलनेती त्या मानाने फार सौम्य आहे.

आता भीतीबद्दल. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमीबा उबदार गोड्या पाण्यात राहतो. पाणी प्यायल्याने त्याचा त्रास होत नाही, कारण जठरातल्या आम्लात तो टिकत नाही. परंतु तेच पाणी नाकात वरपर्यंत गेले तर वासाच्या मज्जातंतूच्या मार्गाने तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि होणारा मेंदूदाह बहुतेक रुग्णांचा जीव घेतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन व्यक्ती अशा दगावल्या. दोघांनीही नळाचे पाणी नेतीच्या भांड्यात भरून नाक धुतले होते आणि त्यांच्या घरांतील नळयंत्रणेत हा अमीबा सापडला. आपल्या देशात केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूदाहाचे रुग्ण आढळले आणि तेथे तलावांतील व विहिरींतील पाणी नाकात जाऊ न देण्याच्या सूचना देण्यात आल्या. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. पण तो टाळण्याचा उपाय इतका सोपा आहे की तो न करण्याला कोणतीही सबब चालणार नाही: पाणी उकळावे. बुडबुडे खळाळून येऊ लागल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे, झाकून निवू द्यावे आणि कोमट असताना वापरावे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते हे खरे असले तरी गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उन्हाने तापलेल्या पाण्यात ते किती उरले असेल याचा भरवसा नाही. विहिरीचे, बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर बोलायलाच नको. घरातील गाळणयंत्रावरही विसंबू नये. उकळलेले पाणी चोवीस तासांत वापरावे, उरलेले टाकून द्यावे.

मिठाचे प्रमाण एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम असावे. रक्तातील द्रवाच्या खारटपणाशी ते जुळते, त्यामुळे नाकाला चुरचुरत नाही. घरात इतका बारीक काटा नसल्यास औषधासोबत मिळणाऱ्या पाच मिलिलिटरच्या मापाचा चमचा घ्यावा. अर्धा लिटर पाण्यात बारीक मिठाचा असा पाऊण चमचा, सपाट भरून, घातला की प्रमाण साधारण जमते. पाणी मिठाशिवाय घेतल्यास किंवा मीठ फार झाल्यास नाक झोंबते, आणि नेती आपल्याला सोसत नाही असे म्हणणाऱ्या अनेकांची अडचण एवढीच असते. खडेमीठ मापात भरवशाचे नसते. ते वापरायचे असल्यास वजन करूनच वापरावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास पाणी आणखी सौम्य होते.

मोरीवर किंवा बेसिनवर कमरेतून वाकावे, मान एका बाजूला कलती करावी, तोंड उघडून तोंडानेच श्वास चालू ठेवावा आणि वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची तोटी टेकवून पाणी आपल्या गतीने जाऊ द्यावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. एका बाजूला पेलाभराच्या आसपास पाणी पुरेसे आहे. नंतर वाकलेल्या स्थितीतच डोके दोन्ही बाजूंना सावकाश वळवून उरलेले पाणी निथळू द्यावे. वर्गात यानंतर जोरजोराने उच्छ्वास टाकून नाक कोरडे करायला शिकवतात. सर्दीत तो जोर करू नये, कारण पाणी कानाकडे जाते. नाक अगदीच बंद असून पाणी पलीकडे जात नसेल, कान दुखत असेल किंवा अलीकडेच नाकाची वा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर नेती करू नये. पात्र रोज साबणाने धुवावे, शेवटी उकळलेल्या पाण्याने खळबळून उपडे ठेवावे आणि ते ज्याचे त्याचे स्वतंत्र असावे.

प्रश्न: माझे बाळ तीन महिन्यांचे आहे. नाक चोंदल्यामुळे ते दूध ओढताना मध्येच थांबते आणि रडते. सासूबाई अंघोळीआधी त्याच्या नाकात तेलाचे थेंब सोडतात आणि नंतर ओवा व वेखंडाची धुरी देतात. मला भीती वाटते, पण बोलता येत नाही. (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर: आपल्या सासूबाई पूर्वापार चालत आलेली रीत मायेने पाळत आहेत. तरीही या दोन गोष्टी थांबवायला हव्यात, आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवणे कदाचित आपल्याला सोपे जाईल.

पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. त्यामुळे थोडे चोंदले तरी त्याला दूध पिताना कष्ट होतात. नाकात सोडलेले तेल घशातून श्वासनलिकेत उतरू शकते. तेलामुळे पाण्याप्रमाणे लगेच ठसका लागतोच असे नाही, म्हणून ते गुपचूप फुफ्फुसात साठते आणि त्यातून तेलाचा न्यूमोनिया होतो, जो नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. तेल अंगाला चोळावे, टाळूला लावावे, त्यास कोणाची हरकत नाही. नाक आणि कान मात्र सोडून द्यावेत. धुरीचा धूर, मग तो ओव्याचा असो, वेखंडाचा असो वा बाळंतशेपांचा, बाळाच्या श्वासमार्गाला निखाऱ्याच्या धुराइतकाच त्रासदायक असतो आणि ज्या अस्तराची सूज कमी करायची तेच अधिक चिडते. कापडात ओवा आणि कापूर बांधून पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवण्याची पद्धतही कापरामुळे टाळावी.

याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मीठपाण्याचे, म्हणजे सलाइनचे, थेंब आणावेत. दुधाआधी पंधरा मिनिटे बाळाला पाठीवर निजवून प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घालावेत, मिनिटभराने नाकाच्या तोंडाशी आलेला स्राव मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा. रबरी फुग्याच्या पिचकारीने ओढून घ्यायचा असल्यास दिवसातून दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नको, कारण सततच्या ओढीने अस्तर सुजते. बाळाला थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे. बाळाला मध चाटवू नये. एक वर्षाच्या आत मधामुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो.

बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, ते नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पीत असेल किंवा या वयात त्याला ताप असेल, तर घरी काहीही न करता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

प्रश्न: कुळथाचे कढण, मिरीचे सार, झणझणीत रस्सा, यांनी नाक खरेच सुटते का? सर्दीत केळी आणि दही बंद करावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: गरम पेयाचा उपयोग आहे. ब्रिटनमधील कार्डिफ येथे २००८ मध्ये सर्दीच्या रुग्णांना तेच फळांचे पेय गरम आणि सामान्य तापमानाचे देऊन तुलना केली असता गरम पेयाने शिंका, खोकला, घसा आणि थकवा यांत आराम वाटला, जरी यंत्राने मोजलेला नाकातील हवेचा प्रवाह बदलला नव्हता. तेव्हा कुळीथ असो, आमसुलाचे सार असो की नुसते गरम पाणी, जे आवडेल ते घोट घोट प्यावे. तिखटाने नाक वाहू लागते, आणि वाहणे म्हणजे सुटणे नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिनमुळे स्राव वाढतो, सूज तशीच राहते, आणि पित्ताचा त्रास असणाऱ्याला रात्री जळजळीची भर पडते. केळ्याने किंवा दह्याने नाक चोंदते याला चांगला आधार नाही. खाल्ल्यावर आपल्याला त्रास होतो असा ज्याचा अनुभव असेल त्याने ते खाऊ नये, इतरांनी उगीच पथ्य वाढवू नये.

प्रश्न: सर्दीत नाक मोकळे करणारे थेंब आणले होते. गेले दोन-तीन महिने ते सोडता येत नाहीत. चार तास झाले की नाक पूर्ण बंद होते. नैसर्गिक उपायाने यातून सुटका होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब रक्तवाहिन्या जबरदस्तीने आक्रसतात, म्हणून काही मिनिटांत नाक मोकळे होते. सलग पाच दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास मात्र त्यांचा अंमल ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त फुगू लागते. आता आपले नाक सर्दीने नव्हे, थेंबांमुळेच चोंदत आहे. सुटका होते. मीठपाण्याने नाक धुणे, डोके उंच ठेवून झोपणे आणि चालणे यांचा आधार घेऊन एका वेळी एकाच नाकपुडीत थेंब बंद करण्याची युक्ती अनेकांना साधते, कारण दुसरी बाजू मोकळी राहिल्याने झोप येते. पहिली बाजू सावरली, की दुसरीकडचे थेंब थांबवावेत. पहिला आठवडा कठीण जातो. तेवढ्या काळासाठी डॉक्टर स्टेरॉइडचा फवारा देतात आणि तो घेण्यास संकोच करू नये. उच्च रक्तदाब असल्यास हे थेंब वापरत असल्याचे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न: येथे नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या निरुपयोगी असल्याच्या बातम्या आल्या. भारतातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांतही तेच औषध आहे. त्या टाकून द्याव्यात का? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर: ते औषध फिनाइलेफ्रिन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये, पोटात घेतलेले फिनाइलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही असे एकमताने सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशासनाने ते विक्रीयोग्य घटकांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. गोळीतले बहुतेक औषध रक्तात पोहोचण्याआधीच आतड्यात आणि यकृतात निष्क्रिय होते. त्याच मिश्र गोळीतील पॅरासिटामॉल अंगदुखीवर काम करते, त्यामुळे गोळीने बरे वाटले असे आपल्याला वाटू शकते. अंगदुखीसाठी नुसती पॅरासिटामॉल आणि नाकासाठी मीठपाणी, हा अधिक सरळ मार्ग आहे. घरात लहान मूल असल्यास लक्षात ठेवावे, की क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टणावर छापण्याचा आदेश भारतीय औषध नियंत्रकांनीही २०२३ मध्ये दिला आहे.

प्रश्न: मला ताप नसतो, अंग दुखत नाही, पण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी शिंका येतात, नाक खाजते आणि मग दिवसभर चोंदलेले राहते. शेताच्या बांधावर गाजरगवत पुष्कळ आहे. (एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर: खाज, ओळीने येणाऱ्या शिंका आणि ठरावीक ऋतू ही ॲलर्जीची लक्षणे आहेत, आणि तिच्यावर वाफारा किंवा काढा पुरा पडणार नाही. गाजरगवत आपल्या देशात पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले आणि तेथून सर्वत्र पसरले. त्याचे परागकण नाकाला आणि त्वचेला, दोन्हींना त्रास देतात. ते फुलावर येण्यापूर्वी, पाऊस पडून जमीन मऊ असताना मुळासकट उपटावे, आणि हे काम शक्यतो आपण स्वतः न करता ज्याला त्रास नाही अशा व्यक्तीकडून, हातमोजे घालून, करून घ्यावे. शेतातून परतल्यावर कपडे झोपण्याच्या खोलीबाहेर बदलावेत, अंघोळ करावी आणि वर सांगितल्याप्रमाणे मीठपाण्याने नाक धुवावे. ॲलर्जीत नेतीचा लाभ सर्दीपेक्षाही अधिक जाणवतो, कारण त्रासाचे मूळच धुतले जाते.

पहाटेच्या शिंकांना बांधावरच्या गवताबरोबरच अंथरुणातली धूळ आणि तीत राहणारे अतिसूक्ष्म कीटकही कारणीभूत असू शकतात. दमट हवेत त्यांची वाढ होते. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कढत पाण्यात भिजवून धुवाव्यात, गोधड्या कडक उन्हात वाळवून झटकाव्यात, पण झटकणारे आपण नसावे. एवढे करूनही त्रास राहिला तर ॲलर्जीवरील फवारा ऋतू सुरू होण्याच्या थोडे आधीपासून घेणे श्रेयस्कर ठरते.

प्रश्न: सर्दीच्या चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला. आता घरगुती उपाय थांबवून प्रतिजैविके घ्यावीत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: केवळ रंगावरून नाही. स्रावात जमा झालेल्या पांढऱ्या पेशींतील घटकांमुळे हा रंग येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही तो दिसतो. सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत ओसरते. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल, बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप आणि चेहऱ्याचे दुखणे उसळले असेल, किंवा १०२ अंशांवर ताप असून गालावर वा कपाळावर एका बाजूला ठणका असेल, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज येणे, एकाची दोन दिसणे किंवा मान ताठ होणे यांपैकी काही झाल्यास रात्रही काढू नये. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर ती सर्दी नसून मुलाने नाकात शेंगदाणा, मणी किंवा खेळण्यातील बटणाच्या आकाराची बॅटरी घातलेली असण्याची शक्यता मोठी असते. बॅटरी काही तासांत आतला पडदा जाळते, म्हणून चिमट्याने काढण्याचा प्रयत्न न करता आणि नाकात पाणी, तेल काहीही न घालता मुलाला तत्काळ कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे.